अठरा तारखेची रिकामी ओळ

माझे बाबा दादरच्या एका लहानशा टूर ऑफिसात लोकांच्या सहलींचे कार्यक्रम आखायचे. आमचं घर डिलाईल रोडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. आजोबांनी गिरणीत साचे चालवले आणि ह्यांनी कागदावर बसगाड्या, असं आई चिडवायची. ऑफिसात कॉम्प्युटर आला तरी बाबांनी आपले पॅड सोडले नाहीत. लांबट पिवळे कागद, खाली कार्बन, डावीकडे तारखांची उभी पट्टी, पुढे कुठून, कुठे, मुक्काम, जेवण. आधी सगळ्या तारखा लिहून घ्यायच्या, मग ओळी भरायच्या. एकही ओळ रिकामी राहिली तर कार्यक्रम खोटा, हे त्यांचं ठाम मत होतं.

कार्यक्रम पुरा झाला की रविवारी दुपारी ते आईला वाचून दाखवत. आई कोळंबी सोलत बसलेली असे. बाबा म्हणत, "सकाळी आठला हॉटेल सोडायचं." आई मान वर न करता विचारी, "मग?" मग बस. "मग?" मग अडीच तासांनी घाट. एखाद्या 'मग'ला उत्तर सापडलं नाही की बाबा कानामागची पेन्सिल काढत. आईला भूगोल येत नव्हता, पण माणसांचे हाल नेमके कुठे होणार ते तिला कळत असे. शेवटच्या 'मग'ला बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "मग काय, घर."

मार्चच्या एक तारखेला बाबा गेले. माझं लग्न तेव्हा जमलेलं होतं. घरात कोणी गेलं तर लग्न एक तर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्यात मानतात. असल्या गोष्टींना मी नाक मुरडते, पण तीन वर्षं थांबायची तयारी माझीही नव्हती.

दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. मामा म्हणाले, पोरीचं लग्न वर्षात करून देतो. काका म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते, एकही हलला नाही. ऊन चढत गेलं. मला नातेवाइकांचा, कावळ्यांचा, बाबांचासुद्धा राग आला होता. तेवढ्यात शेजारी उभी असलेली आई हलक्या आवाजात म्हणाली, "मग?" ती मला म्हणाली की बाबांना, ते मला आजही ठाऊक नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "वर्षाचं पान मी ठेवीन, बाबा. माझ्या हातानं." आणि कावळा खाली उतरला.

वर्षाचं पान म्हणजे गेलेल्या माणसाला वर्ष पुरं होतं त्या दिवशी त्याच्या आवडीचं जेवण केळीच्या पानावर वाढायचं आणि बाहेर ठेवायचं. बाकीचे विधी भटजींनी लग्नासाठी म्हणून आधीच उरकून दिले होते. हे एवढं एकच राहिलं होतं आणि ते मी अंगावर घेतलं होतं. मी एकुलती एक.

होणारा नवरा ठाकूरद्वारचा. त्यांच्या घरात दोन पिढ्या कारकुनी झाली आणि हा कॉम्प्युटरवर नोकरी करतो, पण जीव सगळा आकाशात. हनिमूनला चिलीच्या वाळवंटात जायचं, कारण तिथून तारे दिसतात तसे कुठून दिसत नाहीत, हे त्यानं मला विचारण्याआधीच ठरवलं होतं. मला न्यूझीलंड हवं होतं. हिरवं, थंड, माणसं कमी. भांडून भांडून शेवटी दोन्ही देश घ्यायचं ठरलं. त्यानं केलेल्या पहिल्या यादीत अठरा दिवसांत अकरा गावं होती. मी विचारलं, "हनिमून आहे की निवडणुकीचा दौरा?"

मग मी बाबांचं उरलेलं पॅड काढलं. फेब्रुवारीच्या आठला मुंबई सोडायची. सॅन्तियागोला पोचायलाच दीड दिवस, म्हणून तिथे दोन रात्री नुसती झोप. बाबा लांबच्या प्रवासानंतर माणसाला हिंडवत नसत. पुढे वाळवंटात चार रात्री, परत सॅन्तियागो, सतराला रात्री विमान, एकोणीसला पहाटे ऑकलंड. तिथून दक्षिणेला सरोवरापाशी पाच रात्री, आणि सव्वीसला घर. सव्वीस मी मुद्दाम धरली होती. एक मार्चला मला गॅलरीत पान ठेवायचं होतं, आणि मध्ये दोन दिवस हाताशी असलेले बरे.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघं आईपुढे बसलो. ती कोळंबी सोलत होती. मी वाचू लागले आणि तिचं "मग?" आपोआप सुरू झालं. "सतराला रात्री विमानात बसायचं," मी म्हणाले. या वेळी आईचं 'मग' आलं नाही. हातातली कोळंबी हातातच होती. मला वाटलं, डोळा लागला. "एकोणीसला पहाटे ऑकलंड," मी पुढे वाचलं. "मग?" आई म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही बरंच बदललं होतं. वाळवंटातली एक रात्र कमी, सॅन्तियागोत एक जास्त. आई पुन्हा तिथेच गप्प झाली, त्याच ओळीला. या वेळी तिचे डोळे उघडे होते.

त्याच आठवड्यात मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन केला. तो ठाकूरद्वारला घरूनच काम करत होता. विमानांच्या वेळा पक्क्या करायच्या होत्या, म्हणून मी पॅडवरचं वाचत होते. "सतराला रात्री विमानात बसायचं," मी म्हणाले, आणि फोनवर कोणीतरी विचारलं, "मग?"

"मग काय, एकोणीस," मी म्हणाले. "आईची नक्कल करू नकोस."

"मी कुठे काय बोललो? तुझ्याकडेच कोणीतरी म्हणालं ना आत्ता 'मग' म्हणून?"

त्याच्या खोलीत कोणी नव्हतं. मी जिन्याच्या वळणावर एकटी उभी होते. लाइन क्रॉस झाली असेल, तो म्हणाला. मीही हो म्हणाले. पण तो आवाज बाईचा नव्हता, हे दोघांनी ऐकलं होतं, आणि दोघांनीही ते तेव्हा एकमेकांना सांगितलं नाही. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

तिसऱ्या रविवारी आईनं हात धुतले, पुसले आणि पॅड स्वतःकडे ओढलं. तारखांच्या पट्टीवरून बोट खाली नेत ती अठरावर थांबली. बाबांच्या सवयीप्रमाणे मी सगळ्या तारखा आधीच लिहून ठेवल्या होत्या. अठराच्या पुढे काही नव्हतं.

"ह्यो दिस खंय गेलो गो?" आईनं तिच्या मालवणीत विचारलं.

नवऱ्याला असला प्रश्न म्हणजे पर्वणी. त्यानं टोपलीतलं लिंबू उचललं, पेनानं त्यावर उभी रेघ मारली आणि पृथ्वी, सूर्य, समुद्रावरची वाररेषा असं सगळं समजावलं. चिलीहून पश्चिमेला जाताना ही रेघ ओलांडली की एक तारीख गळते. आपण सतराला निघतो आणि बारा-तेरा तासांत उतरतो ते एकोणीसला.

"म्हणजे अठरा तारीख तुमका मेळाचीच नाय," आई म्हणाली.

"तसं म्हणा, काकू. पण त्यात जात काही नाही, नुसता हिशेब आहे."

आई उठून आत गेली. मीही तिच्या मागून गेले. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी नव्या वर्षाचं कॅलेंडर आधीच लागलं होतं. तिनं फेब्रुवारीचं पान वर करून धरलं होतं. अठरा तारखेच्या चौकोनात कुंकवाचं बोट होतं. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, षष्ठी.

मी पुढे जाऊन मार्चचं पान पाहिलं. एक तारखेच्या चौकोनात काही नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी माघ वद्य षष्ठी होती. दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी तारीख होती, मी बँकेत, ऑफिसात, सगळीकडे तीच लिहिली आणि तीच डोक्यात धरून बसले. वर्षाचं पान तारखेला ठेवत नाहीत, तिथीला ठेवतात, हे आमच्या चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिथी पुढच्या वर्षी अकरा दिवस आधी आली होती. अठरा दिवसांतला नेमका तोच एक दिवस मी स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता.

"तू बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. राग आला की मला आवाज आवरत नाही.

"काय बोलतलंय? लग्न तुझा. मी ठेवतलंय पान. तू जा."

"मी शब्द दिलाय, आई."

ती पदरानं ओटा पुसत राहिली, कोरडा होता तरी.

बाहेर येऊन मी सगळं सांगितलं. नवरा बिचारा ओशाळला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अगं, उलटं फिरू या! आधी न्यूझीलंड, मग चिली. तिकडून निघालं की तारीख गळत नाही, परत येते. अठरा तारीख दोनदा मिळेल. जिथे असू तिथे पान ठेव."

आई दारात उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "दोनदा दिस इलो तर ते खंयच्या दिसाक येतले?"

गॅलरीच्या कठड्यावर मघापासून बसलेला कावळा तेव्हा मला दिसला. चाळीत कावळे असतातच, पण त्या घटकेला तो नसता तर बरं झालं असतं.

तिकिटं अजून काढली नव्हती. नवरा म्हणाला, "सगळा कार्यक्रमच पुढे ढकलू. अठराला पान ठेव, एकोणीसला निघू." रजा बदलून घेताना त्यानं साहेबांची बोलणी खाल्ली, पण मला एका अक्षरानं टोचलं नाही. त्या माणसाशी आपण लग्न करतोय ते ठीकच करतोय, हे मला तेव्हा कळलं. मी नवा कागद घेतला आणि घाईत सगळ्या ओळी आहेत तशाच अकरा दिवस पुढे उतरवल्या. वाचून दाखवायला पुन्हा रविवार मिळाला नाही. जानेवारीत लग्न झालं.

अठरा तारखेला मी नवऱ्याला घेऊन सासरहून सकाळीच आले. सुरमईची आमटी, भात, वड्या, सोलकढी, सगळं मी केलं. आईनं फक्त मीठ सांगितलं. गॅलरीत पान ठेवून आम्ही तिघं आत बसलो. कावळा आला, कठड्यावर बसला आणि पानाकडे पाहत राहिला. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. मी हात जोडले, बाबांशी मनातल्या मनात भांडले, रडलेसुद्धा. "तुमच्यासाठी थांबले ना मी? आता काय हवंय?"

"मग?" आई म्हणाली.

या वेळी मला समजलं, नवा कार्यक्रम वाचून दाखवायचा राहिला होता. मी पर्समधून पॅड काढलं आणि गॅलरीच्या दारात बसून मोठ्यानं वाचू लागले. उद्या संध्याकाळी मुंबई सोडायची. "मग?" मग सॅन्तियागो, दोन रात्री. "मग?" मग वाळवंट. आईचा आवाज हळूहळू खणखणीत होत गेला. "अठ्ठावीसला रात्री विमानात बसायचं," मी म्हणाले, आणि पुढची ओळ दिसली. ती रिकामी होती. समोर माझ्याच अक्षरात तारीख होती, एक मार्च.

अकरा दिवस आधी आलेली तिथी आणि अकरा दिवस ढकललेला कार्यक्रम. बेरीज एवढी सोपी होती, पण तिघांपैकी कोणी केली नव्हती. बाबा गेले ती तारीख त्या वर्षी माझ्या वाट्याला येणारच नव्हती. "दोनला पहाटे ऑकलंड," मी कसंबसं म्हणाले. कावळ्यानं कठडा सोडला आणि सुरमईचा तुकडा उचलला.

निघताना मी कार्बनची प्रत आईला दिली, आम्ही रोज कुठे आहोत ते तिला कळावं म्हणून. एक मार्चचा दिवस मी चुकवून चालले होते आणि आई त्यात एकटी राहणार होती. विमानात बसेपर्यंत मला ते सलत राहिलं.

ऑकलंडला उतरलो तेव्हा दोन तारखेची पहाट होती. सामानाच्या पट्ट्यापाशी मी आईला फोन लावला. मुंबईत एक तारीखच चालू होती, रात्रीच्या जेवणाची वेळ. मला न मिळालेल्या दिवसात आई अजून बसलेली होती.

"एकटी होतीस ना गं दिवसभर?" मी विचारलं. "रडलीस?"

"नाय गो. दुपारी तुझो कागद घेवन बसलंय. जल्मात पयल्यांदाच मी वाचलंय."

"सगळा?"

"ऑकलंडपर्यंत. फुडचा उद्या."

"आणि 'मग' कोण म्हणत होतं?"

"ते होते मां," आई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता, जणू ते शेजारी बसून वाटाणे सोलत असावेत.

नवरा दूरवर आमच्या बॅगा ओढून काढत होता. फोनमध्ये आईनं ताट सरकवल्याचा आवाज आला, आणि मग अगदी जवळून कोणीतरी विचारलं, "मग?"

कोण ते मी विचारलं नाही.

"मग काय," मी म्हणाले, "घर."