पाय काढ नं बाबू

अकोल्याच्या बाजारात मी ज्या मावशींकडून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घेतो, त्यांचं नाव मला ठाऊक नाही. चेहरा मात्र सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. अमरावतीच्या पोरांच्या रॉक बँडनं मावशींच्या बार्शीटाकळीजवळच्या वावरात गाण्याचा व्हिडिओ केला, आणि गाणं तुफान चाललं. गायक टिपेला पोचतो तेव्हा मागून मावशी पदर खोचून, तोंड उघडून बेभान धावत येतात. लोक म्हणतात, त्याही गातात.

शेजारच्या रसवंतीवर मोबाइलमध्ये तेच गाणं सुरू असतं. तो तुकडा आला की मावशी हातातला तराजू खाली ठेवून गायकावर डाफरतात, "पाय काढ नं बाबू!"

मला ते लाडाचं वाटायचं. परवा न राहवून विचारलं, "मावशी, काहून धावल्या होत्या?"

"त्यानं नाचता नाचता वाफा फोडला नं! पानी सारं सांबारातून वाहून चाललं. गानं बंद करा, म्हणून बोंबलून राहिली होती मी."

"मग?"

"एवढाले स्पीकर त्यायचे. तवाबी कोनाले ऐकू आलं नाही," मावशींनी जुडी माझ्या पिशवीत टाकली, "अन् आताबी येत नाही."