टाकीबाहेर थांबणारा हिरो

“हिरो टाकीत उडी मारतो, तिथे म्युझिक वाढवा, मॅडम,” फॅक्टरी मॅनेजर म्हणाले. मी पेन खाली ठेवलं.

मी सेफ्टी फिल्म्स लिहिते. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सांडपाण्याची टाकी साफ करताना एक कामगार आत कोसळला. त्याला काढायला त्याचे सहकारी गणपतराव उतरले. दोघंही गेले. आता तिथल्या मॅनेजरांना गणपतरावांवर फिल्म हवी होती.

“सर, आत विषारी गॅस होता. दोन श्वासांत माणूस आडवा होतो. हवेचा सिलिंडर आणि कमरेला दोर असल्याशिवाय उतरायचंच नाही.”

“ते शेवटी दाखवा. पण हिरो कधी बाहेर उभा राहतो का?”

त्यांचंही खरंच होतं. गोष्टीतला हिरो एकटा जातो, कुणाचं ऐकत नाही आणि जिवंत परततो. आमच्या कामात अशा माणसाला दुसरा बळी म्हणतात.

“घरच्यांना चालत असेल तर तुमचं करा,” ते शेवटी वैतागून म्हणाले.

गणपतरावांच्या पत्नी सुमित्राक्का के. आर. पुरमला राहतात. आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कानडी मुलखात राहिलेलं मराठी घर. भिंतीवर हार घातलेला फोटो, त्याखाली कारखान्यानं लिहून दिलेलं ‘वीर’. त्या फोटोसमोर मी स्क्रिप्ट वाचली; तिच्यातला हिरो टाकीबाहेर थांबून मदत बोलावतो.

“म्हणजे आमचे हे चुकले म्हणता?”

“हो, अक्का. मन मोठं होतं त्यांचं. पण चुकले.”

त्यांनी फोटोखालच्या ‘वीर’कडे पाहिलं. त्यांच्याकडे तेवढा एक शब्द उरला होता आणि मी तोही काढून घ्यायला आले होते. मला फार वाईट वाटलं.

दाराशी त्यांचा धाकटा भाऊ महेश उभा होता. तोही त्याच कारखान्यात कामाला. “मी असतो तर मीही उतरलो असतो,” तो म्हणाला. “बाहेर थांबलो तर लोक भित्रा म्हणतील, अक्का.”

सुमित्राक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. “म्हणू देत रे. ऐकायला तू असशील.”

मग पदरानं डोळे पुसून मला म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. असंच लिहा. हिरोला नाव मात्र त्यांचंच राहू दे.”

ती फिल्म आता प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्या दिवशी दाखवतात. टाळ्या पडत नाहीत. मॅनेजरांना ती अजून थंडच वाटते. वाटू दे. हिरो मरत नाही, हे गॅसला कुणी सांगितलेलं नसतं.