आयडाच्या दहा फेऱ्या

मरोळच्या गावठाणात ग्रेगरीचं गॅरेज आणि माझं टायरचं दुकान अगदी लागून होतं. मध्ये पत्र्याची एक भिंत. त्याने तिकडे पाना टाकला तरी मला इकडे कळायचं, म्हणून मी सांगतो ते ऐकीव नाही. हल्ली लोक त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. म्हणे त्याने तरुणपणी शर्यती जिंकल्या होत्या. डोंबल! हा माणूस जन्मात एकदाही शर्यतीत उतरला नाही. दुरुस्त केलेली गाडी चर्चपर्यंत नेऊन आणायचा, तीही अशी की मागून सायकलवाले घंटी मारायचे.

तो मूळचा तिथलाच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या जुन्या गावठाणांतला ख्रिस्ती. बापाची दोन भाताची खाचरं गावठाणाच्या मागे होती. पावसाळ्यात ती लावायचा, बाकीचं वर्ष मोटरसायकली उघडायचा. मी मालवणचा, नाव गुणाजी. आमचं रोज भांडण व्हायचं आणि रोज दुपारी एकाच बाकावर बसून आम्ही डबा खायचो. त्याची बायको ऑलिव्ह बोंबलाचं कालवण पाठवायची, त्यात माझा वाटा धरलेला असायचा.

त्याचं नाव झालं होतं ते एका वेगळ्याच कामासाठी. त्या वर्षांत जुहूच्या विमानाच्या धावपट्टीवर एक क्लब मोटरसायकली पळवायचा. वर्षातून एक दिवस नवशिक्यांचा. त्या दिवशी शर्यत नसायची, नुसत्या दहा फेऱ्या. पिंपं आणि पेंढ्याचे गठ्ठे मांडून वळणं केलेली असायची. गठ्ठ्याला धक्का लागला की तो माणूस त्या दिवसापुरता बाद. पण असं एकदम जाऊन कोण चालवणार? त्याआधी कुठेतरी गाडी मोकळी सोडून बघायला पाहिजे. रस्त्यावर तर माणसं, म्हशी आणि हवालदार. मग अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचे हौशी ग्रेगरीकडे यायचे आणि विचारायचे, "ग्रेगरी, पहिल्यांदा कुठे जाऊ?"

तो गाडीकडे बघायचाच नाही, माणसाकडे बघायचा. उतावळा असला तर त्याला मुलुंडला मिठागराच्या बांधावर पाठवायचा. दोन्ही बाजूंना पाणी, चुकला तर चिखलात जाईल, मरणार नाही. ज्याला ब्रेक कधी दाबावा कळत नाही, त्याला रविवारी माहुलला, रिफायनरीच्या मागच्या सरळ रस्त्यावर. आणि जो वळणाला घाबरतो त्याला आरे कॉलनीत, दुधाच्या गाड्या जाऊन आल्यावर. तिथे एक डावं वळण संपत नाही तो उजवं येतं. पाठवायच्या आधी स्वतः जाऊन तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. चपला हातात. खडी कुठे सुटलीये, तेल कुठे सांडलंय, सगळं तळव्याने बघायचा. "पहिल्या दिवशी माणूस पडणारच," म्हणायचा. "कुठे पडायचं ते आपण आधी ठरवायचं, बस."

माहुलचा धाकू कोळी, अंगाने दोन माणसांइतका, मिठागरात तीनदा पडला. तिसऱ्यांदा चिखलातून उठून तो ग्रेगरीला आईवरून शिव्या देत होता, आणि ग्रेगरी बांधावर उभा राहून शांतपणे म्हणाला, "आता जुहूला जा." धाकूने दहा फेऱ्या पुऱ्या केल्या. असे निदान बारा-चौदा जण मी पाहिले. एकाचंही हाड मोडलं नाही.

आता आयडाचं. आयडा ग्रेगरीची एकुलती मुलगी, वय तेवीस. साकीनाक्याला एका कंपनीत टायपिस्ट. गॅरेजात वाढलेली पोरगी. वसईच्या जॉनीशी तिचं लग्न ठरलं होतं, एकोणसत्तर सालच्या पावसाळ्यात. जानेवारीची तारीख. मुलगा भला होता, पण त्याच्या आईने ऑलिव्हच्या तोंडावर सांगितलं, "आमच्याकडे येऊन मोटरसायकल चालणार नाही हां." ऑलिव्हने मान डोलावली. आयडानेही डोलावली. घरी आल्यावर मात्र तिने बापाला सांगितलं, "डॅडी, डिसेंबरात नवशिक्यांचा दिवस आहे. मी नाव दिलंय. दहा फेऱ्या करू दे मला, मग जन्मभर ती बाई म्हणेल तसं राहीन. कुठे शिकू ते तू सांग."

दुसऱ्या दिवशी ग्रेगरी मला म्हणाला, "चल, जागा बघून येऊ."

आम्ही आधी मुलुंडला गेलो. बांधावर अर्ध्यात चालला आणि थांबला. "पाणी खारं आहे. डोळ्यात गेलं तर?"

मी म्हटलं, "धाकूच्या वेळी काय सरबत होतं काय रे?"

माहुलला गेलो. तिथे त्याला टँकर दिसले. रविवार होता, टँकर कडेला उभे होते, ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटत होते. तरी हा म्हणतो, एखादा निघाला तर? आरेला गेलो, तर तिथे उतार जास्त. मग म्हशी. मग झाडं रस्त्याच्या फार जवळ. अरे, झाडं काय काल उगवली? गेल्या वर्षी याच झाडांतून याने चार जणांना पाठवलं होतं. माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात मी त्याला म्हटलं, "तू जागा बघायला आलायस की नको म्हणायला आलायस?" तो बसस्टॉपकडे चालू लागला.

चार दिवसांनी सकाळी पत्र्यावर थाप पडली. "गुणाजी, जागा मिळाली."

"कुठे?"

"माझ्याच शेतात."

भात कापून झालं होतं. दर वर्षी खाचरातच एका कोपऱ्यात तो मळणीचं खळं करायचा. जमीन भिजवायची, चोपायची, शेणाने सारवायची, मध्ये मेढ रोवायची आणि मेढीभोवती बैल फिरवायचे. या वर्षी त्याने मधला बांध फोडला, दोन्ही खाचरं एक केली आणि तीनशे पावलांच्या घेराचा गोल आखला. मेढीच्या जागी पिंप. आठ दिवस आम्ही ती चाकोरी चोपत होतो. तबेल्यातून गाड्या भरभरून शेण मी आणवलं, माझ्या दुकानाचा धंदा सोडून. बाहेरच्या बाजूने पेंढा कंबरेइतका रचला. एक खडा नाही, एक चीर नाही. धाकू मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "झकास! आमाला मेल्याने चिखलात लोळवलं, आणि पोरीला गालिचा."

मलाही ती जागा आवडली. खोटं कशाला बोलू? ऑलिव्हला तर फारच आवडली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा गोल दिसायचा.

आयडा रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तासभर जावा मोटरसायकल फिरवायची. पहिल्या आठवड्यात दोनदा पेंढ्यात गेली, हसत उठली. दुसऱ्या आठवड्यात ती गाडी अशी कलती करायला लागली की फूटरेस्ट शेणाला टेकायचा आणि बारीक रेघ उमटायची. वेग किती होता तिचा! गावठाणातल्या बाया पाणी भरायचं सोडून बांधावर उभ्या राहायच्या. ग्रेगरी मध्ये पिंपाजवळ उभा, तिच्याबरोबर जागच्या जागी फिरत. पोरगी बरोब्बर त्याच्या नजरेत.

एक दिवस ती थांबून म्हणाली, "डॅडी, जरा उलटी फिरू का? एकाच बाजूने फिरून मान दुखते."

"नाही!" ग्रेगरी आणि खिडकीतून ऑलिव्ह, दोघं एकदम ओरडली.

खळ्यावर उलटा फेरा घालायचा नाही. बैल ज्या बाजूने फिरवायला सुरुवात केली, शेवटपर्यंत त्याच बाजूने. डावा खांदा मेढीकडे. उलटं फिरवलं तर दाणा घरात टिकत नाही, असं ग्रेगरीची आई सांगायची, तिची आई तिला. पाद्रीबाबा सुगीच्या सणाला, आगेराच्या दिवशी, नवं भात आशीर्वादतात तितकीच ही गोष्टही त्या घरात पक्की होती. आणि घरात लग्न तोंडावर आलेलं. आयडाने खांदे उडवले आणि पुन्हा डावीकडे गाडी घातली. मी तिथेच उभा होतो. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या गावीही खळ्याचे नियम असतातच.

जुहूला निघायच्या आदल्या दिवशी टायर बघायला गाडी माझ्याकडे आली. मागचं चाक मी फिरवलं. डावी कड घासून गुळगुळीत, आणि उजव्या कडेला नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते तसेच्या तसे. तीन आठवडे चालवलेला टायर! मी हसलो. आयडाला म्हटलं, "काय गो, अर्धाच टायर वापरलास. उरलेला सासरी नेतेस काय?" तीही हसली. मी नवा टायर चढवला आणि हवा भरून गाडी परत दिली. वीस वर्षं टायर बघत आलेला माणूस मी. टायर मला सरळ सांगत होता आणि मी विनोद करत बसलो. थोबाडीत मारून घ्यावी असं अजून वाटतं.

जुहूला सकाळी ऊन कोवळं होतं. सतरा नवशिके, त्यात आयडा एकटी बाई. क्लबाचा माणूस कागद पुन्हापुन्हा बघत होता, पण नाव होतं, काय करणार? ऑलिव्ह घरी मेणबत्ती लावून बसली होती. ग्रेगरीने इस्त्रीची पॅंट घातली होती, रविवारच्या प्रार्थनेला घालतो ती. पट्टी दर वर्षीचीच. सरळ, मग डावं वळण, मग अजून एक डावं, मग लांब सरळ, आणि पिंपांच्या रांगेपाशी उजवं. ग्रेगरीने ती पट्टी किती वेळा पाहिली असेल. दुसऱ्यांसाठी.

झेंडा पडला. पहिल्या डाव्या वळणाला आयडाने चार जणांना मागे टाकलं. मी ओरडलो. दुसऱ्या डाव्याला आणखी तिघांना. अशी कलली होती की बाजूचे लोक उभे राहिले. "कोण रे ती?" "मरोळच्या ग्रेगरीची!" मला वाटलं, आता वसईच्या त्या बाईला इथे आणून बसवायला हवं होतं. लांब सरळ पट्ट्यावर ती दुसरी होती.

मग उजवं वळण आलं.

तिने गाडी कलवायला घेतली आणि गाडी कललीच नाही. गाडीचा दोष नव्हता. बाजारातून येताना, साकीनाक्याला जाताना ती उजवीकडे वळायची तेवढीच, पाय टेकता येईल इतक्या हळू. त्या वेगात उजवीकडे तिचं अंगच जाईना. लांबूनही दिसलं, खांदे डावीकडे ताठ धरलेले, मान उजवीकडे. सरळ गेली ती गठ्ठ्यांत. पेंढा उडाला, गाडी आडवी झाली.

ग्रेगरी धावला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीच्या पॅंटीत, झेंडेवाला शिट्ट्या मारतोय तरी पट्टीतून आडवा. मी मागून. आम्ही पोचेपर्यंत ती उठून बसली होती. मनगट खरचटलं होतं, बाकी काही नाही. क्लबाच्या माणसाने येऊन गाडीवरच्या नंबरावर खडूने काट मारली. एक फेरीसुद्धा पुरी झाली नव्हती.

"लागलं का गं? दाखव. हात हलव," ग्रेगरी एकसारखं म्हणत होता.

ती पट्टीकडे बघत होती. बाकीचे दुसऱ्या फेरीला वळत होते, उजवीकडे, वेडेवाकडे, घाबरत, पण वळत होते. तिने हेल्मेट काढलं. रडली नाही.

"डॅडी," ती म्हणाली, "मी दुसऱ्या कुणाची पोरगी असते आणि गॅरेजवर येऊन विचारलं असतं, तर?"

त्याला सांगता आलं असतं की पुढच्या वर्षी बघू. मी असतो तर तेच सांगितलं असतं. पण तिला पुढचं वर्ष नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं, आणि या माणसाने जागेच्या बाबतीत कुणाला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"तर आज तुझ्या दहा फेऱ्या झाल्या असत्या," तो म्हणाला.

तिने मान हलवली. हेल्मेट त्याच्या हातात दिलं, गाडी उभी केली आणि पट्टीच्या कडेकडेने ढकलत एकटीच फाटकाकडे निघाली.