गणितासाठी घातलेलं गाऱ्हाणं

परवा गावच्या देवळात नारळ फुटला आणि त्या ओल्या, गोडसर वासाने मला थेट दहावीत नेलं.

गणिताच्या फेरपरीक्षेआधी आईने गुरवकाकांना देवापुढे गाऱ्हाणं घालायला लावलं होतं. मी पास व्हावं म्हणून सगळा गाव ‘व्हय महाराजा’ म्हणाला. तरी मी पुन्हा नापास झाले. गावालाच तोंडघशी पाडल्यासारखं वाटलं. मी जेवण टाकलं.

आईने मला पुन्हा देवळात नेलं. गुरवकाका म्हणाले, “देवा, पोरीन जेवण टाकलान. तिला चार घास गोड लागू देत रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” सगळे तेवढ्याच मोठ्याने म्हणाले. मी शरमेने खांबाआड झाले.

परवाही कुणाच्या तरी नापास मुलीसाठी गाऱ्हाणं चाललं होतं. ती कुठे उभी असेल ते मला ठाऊक होतं. खांबाकडे न बघता मी मोठ्याने ‘व्हय महाराजा’ म्हटलं.