गडूतलं कोमट पाणी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्यालाही नाही, मुलांनाही नाही. तुम्हालाच का सांगते? ते माझं मलाही नीट कळत नाही. चौथी शिकलेली बाई मी, गोड करून लिहायला जमत नाही.

इथे भिवंडीत आमच्या आळीला लागून तळं आहे. काठावर देवीचं लहानसं देऊळ. दर मंगळवारी तिथे तळ्याचं पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि ते द्यायचा मान आमच्या घरच्या सुनेचा. सासूनंतर तो माझ्याकडे आला. तांब्याचा गडू तळ्यात बुडवायचा, पाणी फडक्यातून गाळायचं, पळीने हातावर घालायचं. पूर्वी पाणी चांगलं होतं. मग चाळी वाढल्या, गटारं तळ्यात आली. मला वास येत नव्हता का? येत होता.

दवाखान्यातल्या नर्सबाई एकदा तळ्याचं पाणी बाटलीत भरून तपासायला घेऊन गेल्या. काही दिवसांनी सरळ माझ्या घरी आल्या. आजी, म्हणाल्या, यात मैल्यातले जंतू आहेत, हे कुणाला पाजू नका. मी ऐकलं. तेव्हापासून मंगळवारी पहाटे घरच्या नळाचं पाणी उकळते, गडूत भरते आणि पदराखाली झाकून देवळात नेते. लोक तळ्याचं समजून पितात. यात वाईट काय? देवीचा मान राहिला, लोकांची पोटं सांभाळली — आणि माझा मानही राहिला. खरं तर तोच.

इथवर असतं तर मी हे लिहीत बसले नसते.

मग एका उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी येईना; तीर्थापुरतं मी साठवून ठेवायचे. बायका हंडे घेऊन तळ्यात उतरू लागल्या. नर्सबाईंनी देवळाच्या भिंतीला कागद लावला — हे पाणी पिऊ नये. मंगळवारच होता. बायका हसल्या. एक म्हणाली, "बाईंना तळ्यात जंतू दिसतात, आमाला देवी दिसते." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नर्सबाईंनीही. त्यांना वाटलं असणार, आता म्हातारी सांगेल. माझ्या मांडीवर गडू होता. उकळलेलं पाणी घाईत निवलं नव्हतं — तांबं हाताला कोमट लागत होतं.

मी म्हटलं, "हेच पाणी देते मी. आजवर कुणाला काय झालं न्हाय."

नर्सबाई निघून गेल्या. कागद दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडला.

शेजारची सुमन तिथेच उभी होती, मुलगी कडेवर. तिचा नवरा धामणकर नाक्याजवळ लूमवर कामाला. तोवर ती तळ्याचं पाणी धुण्याभांड्यालाच वापरायची. त्या दिवसापासून प्यायला भरू लागली. महिन्याच्या आत तिला टायफॉइड. केस गळाले, हाडं दिसू लागली. तिच्या सासूने दोष दिला नाक्यावरच्या सरबताला — आणि तीर्थ मागायला माझ्या दारात आली. मी दिलं. उकळलेलं. सुमन औषधाने उठली. सासू सगळ्यांना सांगते, तळ्याच्या तीर्थाने उठली.

आता काय करू? खरं बोलले तर इतकी वर्षं काय पाजलं ते सांगावं लागेल. गप्प बसले तर — बसलेलीच आहे. माझं चांगलं पाणी पिऊन कुणी आजारी पडत नाही, म्हणून तळं चांगलं ठरतं.

मंगळवारी सुमन येते. मुलीचा हात पुढे धरते. मी पळीभर पाणी घालते. पोर पिते, ओला हात डोक्यावरून फिरवते. मग मायलेकी पायऱ्या उतरतात आणि घरी न्यायची बाटली तळ्यात दाबून धरतात. बसल्या जागेवरून मला बुडबुडे दिसतात. तोवर पुढचा हात आलेला असतो, मी त्यावर पळी धरते.