ओवून दिलेली सुई

म्हाताऱ्या माणसाला सुई ओवून देताना त्याच्या डोळ्यांकडे तुम्ही कधी पाहिलंय का? शेजारच्या सुमनकाकू गोधड्या शिवतात. "ओव गं पोरी, माझे डोळे अधू झाले," म्हणून काल त्यांनी सुई पुढे केली. ओवलेली सुई मी समोर धरली, तर त्यांचा हात भलतीकडेच चाचपडत राहिला. मी हादरले. बुबुळात पांढरी साय दिसत होती.

"काकू, दिसत नाही?"

"वय झालं गं. चालायचंच."

चालायचंच? ही साय मोतीबिंदूचीच असणार; तो शस्त्रक्रियेने निघतो, आणि आमची अख्खी गल्ली इतकी वर्षं प्रेमाने सुयाच ओवत बसली! उद्या मी काकूंना तपासायला नेतेय. तुमच्यापुढेही कुणी सुई धरली तर जरूर ओवून द्या. मग त्या माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.