कमरीपेठेतले गाळणी अण्णा

अण्णा स्पीकरची तब्येत चुरमुऱ्यांवरून सांगत. हुबळीच्या कमरीपेठेतल्या त्यांच्या दुकानात गाडीच्या दारातला स्पीकर काढून टेबलावर उताणा ठेवायचा, तारा जोडायच्या, वर मूठभर चुरमुरे टाकायचे आणि गाणं लावायचं. चुरमुरे नुसते थरथरले तर स्पीकर सुखात. उड्या मारायला लागले की अण्णा "साक, साक" म्हणजे पुरे, पुरे, असं पुटपुटत आवाज खाली आणत. घर मराठी, पण स्पीकरशी ते कन्नडच बोलायचे. हे मी भूतकाळात लिहितोय, पण अण्णा आहेत, धडधाकट आहेत. भूतकाळ झाला तो त्यांच्या धंद्याचा, आणि त्यात मी सामील आहे.

ओळख झाली ती माझ्या साडूंमुळे. साडूंनी गाडीत सबवूफर बसवला, म्हणून मलाही तो बसवणं भाग होतं. मी धारवाडात भूगोल शिकवणारा माणूस. रायापूरच्या घरापासून शाळेपर्यंत जायला मला सबवूफर कशाला लागतो, हे बायकोनं विचारलं होतं. उत्तरादाखल मी सबवूफरचं खोकं उचलून तडक हुबळी गाठली.

"जोरात वाजला पाहिजे," मी म्हणालो.

"वाजंल की. पण आधी दारातले स्पीकर वाचवायला पाहिजेत."

मला वाटलं होतं, मोठा स्पीकर आला की लहानांची सुटका. अण्णांनी मान हलवली. "सबवूफर बसवला म्हणून जाड आवाज दारात जायचा थांबत नाही, सर. त्याला वाटेत अडवायला लागतं. ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं डिक्कीत. दारात फक्त गाळलेलं." त्यांनी गाळणी, म्हणजे जाड आवाज अडवणारा फिल्टर, लावायच्या आधी एकदा वाजवून दाखवलं, चुरमुरे माझ्या चष्म्यावर आले. मग अँप्लिफायरवरचं बटण दाबून गाळणी लावली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. चुरमुरे जागच्या जागी शहारले. "बारक्या स्पीकरला जाड आवाज दिला तर तो ओरडत नाही हो. मुकाट्यानं मरतो," अण्णा म्हणाले. त्यांच्यामागच्या भिंतीवर जळलेल्या आणि फाटलेल्या स्पीकरांची रांग टांगलेली होती. तिकडं बघून मी उगीचच हसलो.

महिन्याभरात साडू मागच्या सीटवर बसून म्हणाले, "बेस कुठाय तुझा?" मी गाडी थांबवली, डिक्की उघडली आणि गाळणीचं बटण बंद केलं. नवलूर गाव मागं पडेपर्यंत डाव्या दारातून कुणी कागद चुरगाळतंय असा आवाज यायला लागला. साडूंनी खिडकीबाहेर बघत धारवाडच्या हवेचं कौतुक सुरू केलं.

गाडी दाखवायला नेली तेव्हा अण्णा रागावले नाहीत. त्यांनी दाराला कान लावला. मी गाडीबाहेर चार पावलांवर उभा होतो आणि मला खरखर स्वच्छ ऐकू येत होती. अण्णांनी आवाज वाढवला, पुन्हा कान लावला. मग तळहात दारावर ठेवला. "कुठं वाजतंय म्हणालात?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत.

त्यानंतर ते मला रविवारी बोलवायला लागले. "बर्री सर, या, तुमचा कान चांगला आहे." मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांत बसून सांगायचो, आता फाटतोय, आता नाही. अण्णा त्याप्रमाणे स्क्रू फिरवायचे. मी घरी येऊन ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला मिक्सर आणि तानपुरा यातला फरक कळत नाही. ते तुम्हाला विचारतात, म्हणजे त्यांना ऐकू येत नसणार."

भीती वाटायला हवी होती. मला अपमान वाटला.

मग एका गुरुवारी मी शाळेत असताना अण्णांनी एका गाडीचे स्पीकर एकट्यानंच बसवले. चारही नवे स्पीकर संध्याकाळच्या आत जळाले. शाळा सुटल्यावर मी पोचलो तेव्हा दुकानात करपलेला वास होता. गिऱ्हाईक कन्नडमध्ये ओरडत होतं आणि अण्णा शांतपणे त्याच्या ओठांकडं बघत होते.

"कानात कापूस घालत जा," मी त्यांना म्हणालो. तोवर मला कळून चुकलं होतं.

"कापूस घातला तर फाटलेला आवाज कळणार कसा?" सत्तावीस वर्षं डिक्कीत डोकं घालून त्यांनी हेच ऐकलं होतं: कुठल्या आवाजाला स्पीकरचा कागद फाटतो. दुसऱ्याचे स्पीकर वाचवायचे तर तो आवाज आधी आपल्या कानावर घ्यावा लागे.

अण्णांच्या घरी अक्का, त्यांची बायको, माझ्यावरच घसरल्या. "कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी हे शेजारी पेपर वाचतात. परवा मागनं टेम्पो हॉर्न मारत होता, हे आपले मधनं चाललेत. आणि गणपतीत चार मंडळांच्या स्पीकरच्या भिंती लावायचं कबूल करून आलेत! त्या भिंतींपुढं दहा दिवस उभे राहिले तर उरलंसुरलंही जाईल, सर. तुम्ही काय बघत बसलाय?"

भांडण होऊन शेवटी तोडगा निघाला. तपासणी करायची. कान बरे निघाले तर अण्णांनी मंडळांचं काम करायचं आणि अक्कांनी पुन्हा विषय काढायचा नाही. वाईट निघाले तर मंडळांना नकार कळवायचा, दुकानही आवरायचं. गाडी चालवायला मी. वाटेत अण्णा म्हणाले, "सर, तुम्ही तिथं मधे बोलू नका."

तपासणीची खोली काचेची. आत अण्णा, कानांवर हेडफोन. बाहेर तपासणाऱ्या बाई यंत्रापुढं, त्यांच्या मागं मी. आवाज आला की हात वर करायचा. खुर्ची भिंतीकडं तोंड करून होती. पाठ दुखते म्हणून अण्णांनी ती बाईंकडं वळवून घेतली.

हात भराभर वर जायला लागला. प्रत्येक वेळी! मला इतका आनंद झाला की मी काचेतून त्यांना अंगठा दाखवला. बायकोला फोनवर काय सुनवायचं तेही मनात जुळवलं.

तेवढ्यात बाईंनी बटण सोडून केसांची पिन नीट केली. अण्णांचा हात वर गेला.

मी पुन्हा बघितलं. अण्णा बाईंच्या खांद्याकडं टक लावून होते, गिऱ्हाइकाच्या ओठांकडं बघावं तसे. खांदा हलला की हात.

गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण मी उठलो, आणि काच आणि बाई यांच्या मधे, बाईंकडं पाठ करून उभा राहिलो.

"अहो, मला पेशंट दिसत नाहीत," बाई म्हणाल्या.

"मला दिसताहेत. मी सांगतो."

त्यांनी सुस्कारा टाकला. मागं बटणाची टिकटिक झाली. अण्णांनी माझ्या डावीकडून बघायचा प्रयत्न केला, मग उजवीकडून. मग माझ्याकडं बघितलं, आणि हात उचलून मला बाजूला व्हायची खूण केली. पुन्हा केली.

"हात वर केला का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.